साठ कार्डं

साठ. बाईंनी तिसऱ्यांदा मोजलं, तरी साठच. हजेरीपटावर बारावीची मुलं एकसष्ट होती आणि कॉलेजप्रवेशाचे भरून झालेले अर्ज साठ. तीनदा मोजमाप सारखं आलं की चूक मोजण्यात नसते, हे विज्ञानाच्या या बाई मुलांना प्रयोगशाळेत नेहमी सांगत. घड्याळात चार वाजून पाच मिनिटं झाली होती. पाचला अर्ज घेणं बंद होणार होतं.

"मोजून मोजून वाढत नसतात, बाई," पीटीचे सर दारातून म्हणाले. "राहिला असेल एखादा आळशी."

"आपल्याकडे आता कोणी राहत नाही, सर."

बोलल्या ठामपणे, पण पट पुन्हा पुढे ओढला.

कार्डांची पद्धत त्यांचीच. कॉलेजची पायरी ज्यांच्या घरात कोणीच चढलं नव्हतं, अशी ही मुलं. नववीपासून प्रत्येकाचं एक कार्ड. शाळेतल्या प्रत्येक मोठ्या माणसाने, मग ते चित्रकलेचे सर असोत की शिपाईमामा, कुठे अडतंय आणि त्यावर काय करायचं ते दर आठवड्याला लिहून द्यायचं. 'अपूर्णांक कच्चे. रोज पाच गणितं.' 'इंग्रजी वाचताना अडखळतो. दहा ओळी, मोठ्याने.' 'उपाशी येते. आधी खाणं, मग भूमिती.' हे शेवटचं शिपाईमामांचं. दोन आठवडे कार्डावर ओळ पडली नाही की कोणीतरी त्या मुलाच्या घरी जायचं. अर्ज भरतानाही कार्डं समोर ठेवून, नाव पुकारून, एकेकाला आत बोलावलं होतं.

कार्डांच्या आधीची वर्षं बाईंना विसरता येत नव्हती. तेव्हा वर्ग उघड्या बाटलीतल्या स्पिरिटसारखा कमी होत जायचा. कोण कधी गेलं, कळायचंही नाही. बाजारामागच्या शिवणकारखान्याच्या खिडकीत त्यांच्या दोन जुन्या विद्यार्थिनी दिसत. एकदा एकीने मशीन थांबवून "बाई" अशी हाक मारली होती आणि लगेच मान खाली घातली होती. तेव्हापासून बाई लांबच्या रस्त्याने घरी जात. तरी ती हाक मागून यायचीच. आताही आली.

टेबलापलीकडे एक मुलगी कार्डांचे गठ्ठे बांधत बसली होती. तिला सगळी शाळा कारकूनबाई म्हणायची. नववीत बाईंनी तिचं वळणदार अक्षर पाहून वर्गाची यादी तिच्या हातात दिली होती आणि कार्डं करवून घेतली होती. तेव्हापासून शिक्षकांच्या चिठ्ठ्या दर शनिवारी कार्डांवर उतरवायचं काम तिच्याकडेच.

"कारकूनबाई, कोण राहिलंय गं? तू कार्डांवरची नावं वाच, मी पटावर खूण करते."

ती वाचू लागली. बाईंची पेन्सिल सरकत गेली. प्रत्येक नावाबरोबर एक चेहरा येत होता, आणि चेहऱ्याबरोबर त्याचे अपूर्णांक, त्याची आजारी आई, त्याचं तोतरं इंग्रजी. साठ नावं संपली. पटाच्या मधोमध एक ओळ खुणेवाचून राहिली. हजेरी वर्गशिक्षक घेत. बाईंच्या तोंडी हे नाव कधी आलंच नसावं. चेहरा येईना. कोण ही? कधी गेली? त्यांनी ते नाव हलकेच, स्वतःशीच वाचलं.

"हजर," टेबलापलीकडून आवाज आला.

बाईंनी मान वर केली. संगणकाचे आणि चित्रकलेचे सरही वळून बघू लागले.

"तुझं कार्ड?"

"तुम्ही कराल असं वाटलं. स्वतःचं कार्ड स्वतः कसं करायचं?"

"आणि अर्ज? अगं, चार दिवस इथेच तर बसलीस!"

"नाव पुकारलं की यायचं, असं ठरलं होतं ना, बाई."

पीटीचे सर "काखेत कळसा" एवढंच म्हणाले आणि उरलेली म्हण त्यांनी गिळली. संगणकाच्या सरांनी मुकाट्याने कोरा अर्ज उघडला. नाव, पत्ता, गुण. गुण सगळ्या विषयांत सारखेच चांगले होते. कुठे खड्डा नव्हता, म्हणून कोणाची नजर कधी अडखळली नव्हती.

अडलं ते शेवटच्या चौकटीत. 'विद्यार्थ्याने चार वर्षांत घेतलेली मेहनत: शिक्षकांचं निरीक्षण.' ही रिकामी ठेवून अर्ज पुढे जात नव्हता. साठ जणांसाठी बाईंनी कार्डांवरून दहा-दहा ओळी लिहिल्या होत्या.

"अक्षर सुंदर," चित्रकलेचे सर म्हणाले.

"हो, अक्षर," पीटीचे सर म्हणाले.

शिपाईमामांनाही बोलावलं. "गुणाची पोर आहे. अक्षर तर असं..." आणि तेही थांबले.

बाईंनी आठवून पाहिलं. हिच्या घरी कोण असतं? हिला काय जड जातं? कधी रडली का ही? काहीच हाताला लागेना. शिवणकारखान्याची ती खिडकी टाळायला त्या एवढा वळसा घालत होत्या, आणि खिडकी या टेबलाच्या पलीकडे होती. चार वर्षं.

चार वाजून सदतीस मिनिटं. बाईंनी तिला पहिल्यांदाच पटावरच्या नावाने हाक मारली.

"तूच सांग, बाळा. तुला तर आम्ही कोणी काही सांगितलंच नाही. काय करत होतीस गं तू इतकी वर्षं?"

मुलीने हातातला गठ्ठा खाली ठेवला.

"कार्डांवर जे जे करायला लिहिलेलं असायचं ना, ते मी घरी करायची. सगळं. साठही जणांचं." तिने गठ्ठ्यावरची गाठ सरळ केली. "त्यातलं एखादं माझ्यासाठीही असेल म्हणून."