नव्याची हाक

पानावरचा भात निवून गेला, तरी गोजाबाई घासाला हात लावीना.

"कोनी आलाच नाय," ती म्हणाली.

उंबऱ्याशी बसलेला तिचा थोरला लेक जिवा कानकोंडा झाला. पोशेरा गावात नवा भात शिजला की उंबऱ्याशी सागाचं पान मांडायचं, घरातल्या कर्त्याने गेलेल्यांना एकेकाला नावाने जेवायला बोलवायचं, आणि मगच जित्यांनी घास घ्यायचा. इतकी वर्षं हे काम धाकटा भाऊ सुकऱ्या करी. यंदा चैत्रात सुकऱ्याच गेला. म्हणून जिवा पुण्याहून आला आणि त्याने हाका मारल्या. स्वच्छ, व्याकरणशुद्ध मराठीत, अगदी 'भोजनास यावे' म्हणून.

जिवा म्हणजे प्राध्यापक जीवन. गाव सोडताना त्याने नावसुद्धा धुऊन घेतलं होतं. रशियन भाषेचा मोठा पंडित. पाच वर्षं मॉस्कोत काढली, तीस वर्षं पुण्यात शिकवलं, जाडजूड रशियन-मराठी कोश केला. रशियनांचा भाषाभिमान बघून त्याच्याही अंगात अभिमान संचारला, तो कायमचा. राष्ट्राला एकच घडीव भाषा हवी, पाड्यापाड्याच्या बोलींनी राष्ट्र दुबळं होतं, असं तो व्याख्यानांत ठणकावून सांगे. टाळ्याही घेई. स्वतःच्या घरची बोली त्याने कधी टाकली, ते त्यालाही आठवत नव्हतं.

"त्यांना बुकातली बोली कशी समजंल?" गोजाबाई म्हणाली. "सुकऱ्या दारात भुकेला उभा असंल रं."

नव्वदीला टेकलेली म्हातारी सकाळपासून उपाशी होती. कोशातले चाळीस हजार शब्द जिवाच्या जिभेवर होते, पण भावाला जेवायला बोलवायचे चार शब्द काही केल्या सापडेनात. त्याने डोळे मिटले.

खळ्यावर दुपारचं ऊन पसरलं होतं. पेंढ्याचा वास येत होता. मिटल्या डोळ्यांआड ते ऊन हळूहळू पांढरं झालं, मग गार झालं. वसतिगृहाच्या खिडकीबाहेर बर्फ पडत होता. मॉस्कोतला पहिलाच हिवाळा. तापाने फणफणलेला जिवा तीन दिवस बरळत होता, आणि घरी तेव्हा नव्याचे दिवस होते. उशाशी वसतिगृह सांभाळणारी क्लावा बसून होती. ताप उतरला तशी ती कोबीचं सूप घेऊन आली आणि दारातूनच तिने हाक मारली. पोशेऱ्याची हाक, जशीच्या तशी, शेवटचा सूर लांबवलेली. तापात तो तीच घोकत होता, ऐकून ऐकून ती क्लावाला पाठ झाली होती. घरच्या बोलीत बोलावलं तर पोराला दोन घास जास्त जातील, असं तिला वाटलं. शेजारच्या खोलीतले पुण्यामुंबईचे विद्यार्थी हसले. जिवा लाजेने लाल झाला.

"ही भाषा नाही," तो तिला रशियनमधून म्हणाला. "पुन्हा बोलू नका."

क्लावा पुन्हा बोलली नाही. सूप मात्र ती रोज आणून ठेवी.

आता उंबऱ्याशी त्याच्या कानात तीच हाक येत होती, तिच्याच घोगऱ्या आवाजात. जिवाने ती तोंडात धरली आणि तशीच मारली. सुकऱ्याला, बापाला, आज्याला, आजीला. शब्द थोडे परके वाटत होते, सूर मात्र पोशेऱ्याचाच. खळ्यावरून वाऱ्याची झुळूक आली आणि पानाची कड हलली. गोजाबाईने मान डोलावली, घास उचलला आणि मध्येच थांबली.

"ही बाईच्या गळ्यातली हाक हाय. कोना बाईपाशी शिकलास?"

जिवाने सगळं सांगितलं. क्लावाला मागेपुढे कुणी नव्हतं, ती कधीच वारली, हेही सांगितलं. आपण तिला काय बोललो, तेही आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी सांगितलं.

"मंग तिला कोन बोलावंल?" गोजाबाईने विचारलं.

जिवा उठला. त्याने सागाचं आणखी एक पान मांडलं, त्यावर नवा भात वाढला, आणि जी बोली बोलू नका म्हणून त्याने तिला बजावलं होतं, त्याच बोलीत क्लावाला जेवायला हाक मारली.