सभात्याग

गुरचरणाची जमीन गोदामांना देता येईल, असं विधेयक विधानसभेत मंजूर झालं. तरीही दिघाशी गावात तिथल्या, विरोधी पक्षाच्या आमदारांचा सत्कार ठरला. विधेयकाचे कागद फाडून ते सभागृहाबाहेर पडले होते आणि तो व्हिडिओ गावातल्या प्रत्येक फोनवर फिरत होता.

गावातल्या कॉलेजात शिकणाऱ्या मृणालीने मात्र सभागृहाचं पूर्ण रेकॉर्डिंग पाहिलं होतं. शाल-श्रीफळ झाल्यावर ती उभी राहिली.

"साहेब, तुम्ही विरोधक चार वाजून सात मिनिटांनी बाहेर पडलात. मतदान चार वाजून नऊ मिनिटांनी झालं. सत्ताधारी आत एकतीस होते, बाहेर पडलेले तुम्ही सेहेचाळीस. मी दोनदा मोजले."

"खाली बस गं, लय शिकलीस!" सरपंच खेकसले.

पुढच्या रांगेत आक्का होत्या. त्यांच्या चार गाई गावच्या गुरचरणात चरायच्या.

"म्हंजे तुमी थांबला असता तं कायदा पडला असता?" त्यांनी आमदारांना विचारलं. "मंग दोन मिनटं का थांबला न्हाय? भाईर असं काय व्हतं?"



आमदारांनी खांद्यावरची शाल सावरली. "आक्का, आपला विरोध लोकांना दिसायला नको? टीव्हीवाले बाहेरच उभे असतात."