लहान काटा

“आमच्या सूनबाईला रोमन आकड्यांचं घड्याळबी कळत न्हाई,” असं सासू येईल त्या पाहुण्याला हसून सांगायची. शेवटी त्रिशलानं दातओठ खात लेकीकडून ते आकडे शिकून घेतले.

आज मोतीबिंदूच्या ऑपरेशनमुळं सासूच्या एका डोळ्यावर पट्टी होती, दुसरा तर कधीच गेलेला. जैन धर्माच्या नेमानं दिवस मावळल्यावर जन्मात घास न घेतलेली म्हातारी ताटासमोर हात आखडून बसली.

“किती वाजल्यात? पर तुला कुठं कळतंय म्हणा!”

“आता कळतंय की, आत्याबाई. लहान काटा V वर हाय. म्हंजे पाच. जेवा निवांत.”

म्हातारीनं हात जोडून णमोकार मंत्र म्हटला आणि घास घेतला.

बाहेर काळोख पडला होता. लहान काटा VII च्या पुढं सरकला होता. त्रिशलानं आणखी एक भाकरी वाढली.