मांडवामागची जीप

काटा लाल खुणेच्या अलीकडे बोटभर राहिला, तेव्हा सावळीरामने खाली उतरून बॉनेट उघडलं. गरम हवा तोंडावर आली. इंजिन मात्र त्याने बंद केलं नाही.

पंचवटीतल्या मंगल कार्यालयाची ही मागची बाजू. एका अंगाला आचाऱ्यांच्या चुली, दुसऱ्या अंगाला पाण्याची टाकी आणि मधे गल्लीकडे तोंड करून उभी जीप. मे महिन्याची दुपार. आत सनईची रेकॉर्ड लागली होती आणि ती मधेच थांबवून कुणीतरी कर्ण्यावरून पुकारत होतं, "नवरीच्या मामांनी बोहल्याजवळ यावं. नवरीच्या वडिलांनी मांडवात यावं." ही माणसं प्रत्येक लग्नात ऐन वेळी हरवतात, त्यामुळे कुणी फारसं मनावर घेत नव्हतं.

सावळीरामचं लक्ष मागच्या हिरव्या दाराकडे होतं. साडी बदलायच्या निमित्ताने सिंधू त्या दाराने बाहेर येणार होती. नवरीच आज पळणार होती, आणि तिला इगतपुरीला मंगलामावशीकडे पोचवायचं काम सावळीरामने अंगावर घेतलं होतं.

नवरा लासलगावचा, बिजवर. पहिली बायको पाय घसरून विहिरीत पडली असं सगळ्यांना सांगितलेलं. परवा रुखवताची भांडी घेऊन सावळीराम तिकडे गेला, तेव्हा शेजारच्या एका म्हातारीने त्याला बाजूला बोलावलं. "पाय कुठला घसरतोय, बाबा. रोज मार खायची. शेवटी तिनंच उडी घेतली."

परत येऊन त्याने हे कारभारींच्या कानावर घातलं. कारभारी म्हणजे सिंधूचे थोरले चुलते. घरात त्यांच्या शब्दापुढे कुणाचा शब्द नव्हता. "पत्रिका वाटून झाल्यात. तू गाडी चालवायचं बघ," ते म्हणाले, आणि सावळीराम खाली मान घालून बाहेर आला. जीप कारभारींच्या नावावर होती. बहात्तरच्या दुष्काळाआधीपासून तो ती चालवत होता, आणि त्यांना कधी उलटून बोलल्याचं त्याला आठवत नव्हतं.

पण जीव थाऱ्यावर राहीना. आई नसलेली पोर. एवढीशी होती तेव्हापासून त्याच्या शेजारच्या सीटवर बसून बाजाराला यायची. आज सकाळी त्याने तिला सगळं सांगून टाकलं. ती रडली नाही. "गाडी चालू ठेवा. मी येते," एवढंच म्हणाली.

गल्लीच्या तोंडाशी लहानूचं गॅरेज होतं. उघडं बॉनेट बघून तो आपणहून आला.

"पाणी हाय का?"

"सकाळीच भरलंय. रस्त्यानं काटा हलला नाय. उभी केली की तापते."

लहानूने रेडिएटरसमोर हात धरून बघितला. "वारा ओढतच नाय. पळताना समोरून वारा लागतो म्हणून भागतं. उभ्या गाडीला पंख्याचाच आधार." मग त्याने कान दिला. पट्टा बारीक चिरकत होता. "पट्टा ढिला झालाय. घसरतोय. बॅटरी पण उतरत असंल?"

"लय उतरते. धक्क्याशिवाय चालू होत नाय."

"दोन्ही दुखणी एकाच पट्ट्याची. बंद करा, ताणून देतो."

"बंद नाय करता येणार."

"चालू इंजिनात हात घालू का मी? ताणून झाल्यावर धक्का मारायला चार जण बोलवू की."

सावळीरामने दाराकडे बघितलं. मांडवामागे चार जण जमले की चाळीस जमतात. "एका माणसाची वाट बघतोय," तो शेवटी म्हणाला.

"मग त्या माणसाला सांगा, लवकर या. नायतर ही उकळणार."

लहानू तसा भला. टाकीवरून बादली भरून आणून तो रेडिएटरवर बाहेरून पाणी मारू लागला. काटा जरा दबला आणि पुन्हा वर सरकला.

तेवढ्यात कारभारींचा सालगडी धोंडीराम आला.

"कारभारी कधीचे हाका मारतायत तुम्हाला. आत चला."

"गाडी उकळायला आलीय. सांग, आलोच."

"ते पण उकळायला आलेत," म्हणून धोंडीराम गेला. तो हिरव्या दारावरूनच गेला.

कर्णा पुन्हा खरखरला. "नवरीचे वडील जिथं असतील तिथून यावं. कन्यादान खोळंबलंय."

लहानूला हसू आलं. "कसला बाप म्हणायचा. लेकीचं कन्यादान आन् हा गायब."

सावळीराम सीटकडे वळला. सकाळी बांधलेला गुलाबी फेटा त्याने सीटखाली कोंबला होता. त्याचं टोक ओढून त्याने घाम पुसला. काटा लाल खुणेला टेकला. झाकणाच्या कडेने वाफ फुसफुसू लागली. सिंधूला कुणी अडवलं असेल, खोलीत कोंडलं असेल, असं काय काय मनात येऊन गेलं.

हिरवं दार उघडलं. साध्या साडीतली सिंधू पिशवी छातीशी धरून झपाझप आली आणि त्याच्या शेजारच्या सीटवर बसली. कपाळावर मुंडावळ्यांचा वळ तेवढा राहिला होता.

लहानूने तिच्या हातावरच्या हळदीकडे बघितलं. मग बादली खाली ठेवून त्याने हळूच बॉनेट लावलं. "आता कुठं थांबू नका," तो म्हणाला. "चालत राहिली की गार होईल."

जीप गल्लीतून निघाली, वळली, पुलावर आली. नदीवरचा वारा समोरून शिरला आणि काटा एकदाचा खाली उतरू लागला. मागे कर्ण्याचा आवाज अजून येत होता. नवरीच्या वडिलांना आता नावानिशी पुकारत होते.

"आप्पा," सिंधू हळूच म्हणाली, "तुम्हाला बोलावतायत."