बाईंची हजेरी

या, जरा जवळ सरकून बसा, एका बाईंची गोष्ट सांगते.

खेड्यातून येऊन चाळीस वर्षं शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या बाई नव्वदीपुढे गेल्या, तरी पहाटे गुरांची धार काढायच्या वेळेला उठायची त्यांची सवय काही सुटली नाही. उठल्या की डोळे मिटून त्या प्रभूपुढे आपल्या विद्यार्थ्यांची हजेरी घ्यायच्या आणि एकेकाचं नाव घेऊन त्याच्यासाठी आशीर्वाद मागायच्या. शेजारचा म्हातारा शिंपी त्यांना रोज चहा आणून द्यायचा आणि 'आमेन' होईपर्यंत कान टवकारून बसायचा. त्याचं नाव मात्र कधीच यायचं नाही.

एका सकाळी त्याला राहवेना. "बाई, एवढ्या जणांसाठी मागता, मग माझ्यासाठी का नाही? मीपण तुमचाच विद्यार्थी की हो!"

"चल, काहीतरीच! माझ्या वर्गात बसलेलं एकूण एक पोर मला तोंडपाठ आहे. तू नव्हतास."



"बसू कुठे दिलंत, बाई? वर्षभर मला दाराबाहेर उभं केलं होतंत. प्रार्थनेत बाहेरच्याचीही आठवण असू द्या!"