पखवाजाची डावी बाजू

पंकजानं पखवाजाची डावी बाजू बंद केली आणि अख्खं भजन मुकं झालं. टाळ गेले, पेटी गेली, सगळं चिडीचूप. लॅपटॉपवरची रेघ तेवढी निवांत पुढं सरकत होती.

"बिघडलं का गं?" दारात बसलेल्या परमेश्वरकाकांनी विचारलं. पोखर्णीच्या भजनी मंडळाचे ते प्रमुख.

"बिघडलं न्हाई काका. सगळी वाद्यं एकाच वाटेनं बाहेर पडायलीत. एकाला थांबवलं की सगळेच थांबायलेत. प्रत्येकाची वाट येगळी करावी लागंल."

"कशाला उगं येवढा उपद्व्याप? हाय तेच लय भारी वाजायलंय. हाच कॉम्प्युटरचा पखवाज भजनात घालू. आन खाली राधाकिसनरावाचं नाव टाकू की."

बाजेवर भिंतीकडं तोंड करून पडलेले आण्णा, पंकजाचे वडील राधाकिशन, सगळं ऐकत होते. त्यांची मान ताठ झालेली तिला दिसली. जित्या माणसाच्या फोटोला हार घालायला निघालेत हे काका! तिला असा संताप आला म्हणून सांगू.

नरसिंहाच्या देवळातला पखवाज म्हणजे आण्णा. गेल्या उन्हाळ्यात लकव्यानं त्यांचा डावा हात गेला. माणूस वाचला, पण देवळाकडं फिरकला नाही. दोन घास खायचे अन् ताट सरकवायचे. मायनं समजावून समजावून हात टेकले. आता मंडळाचं भजन रेकॉर्ड व्हायचं होतं, आणि पंकजा परभणीला स्टुडिओत काम शिकत होती म्हणून ते तिच्यावर आलं होतं. आज आण्णा उठले तर उठले. नाहीतर कॉम्प्युटरचा पखवाज कायमचा त्यांच्या जागेवर बसणार आणि आण्णा कायमचे त्या बाजेवर.

तिनं खरा पखवाज कधी वाजवलाच नव्हता, ही त्यातली गंमत. त्या घरात पोरीबाळींनी पखवाजाला शिवायचं नाही, असा आज्याचा नियम. आण्णांनी तो तसाच चालवला. लहान असताना तिनं एकदा चोरून थाप मारली, तेव्हा आण्णा ओरडले नव्हते. नुसतं बघितलं होतं. पुन्हा तिची छाती झाली नाही. बोल मात्र कानानं ऐकून ऐकून तोंडपाठ झाले, बोटं मांडीवर चालायची. कॉम्प्युटरच्या बटणांवर वाजवायला कुणाची ना नव्हती. बटणं काही पखवाज नव्हती.

तिनं सगळं पुन्हा उलगडलं. उजव्या हाताचे बोल एका ट्रॅकवर, डाव्याचे दुसऱ्यावर. टाळ वेगळे, पेटी वेगळी. मग उजवी बाजू बंद केली आणि भजन लावलं. ह्या खेपेला बाकीचं वाजत राहिलं. तिचा जीव भांड्यात पडला.

बाजेवरून आवाज आला. "अर्धाच वाजायलाय."

"उजवी बाजू तुमच्यासाठी सोडलीय आण्णा," ती म्हणाली. "डावी हे वाजवंल. तुमचा उजवा तर चांगला हाय की."

आण्णा कुशीवर वळले. मग हळूच उठून बसले. मायनं खुंटीवरचा पखवाज काढला, पदरानंच धूळ पुसली आणि त्यांच्यापुढं ठेवला.

पहिल्या थापेला पंकजाच्या अंगावर काटा आला. तोच हात! पण दोन ओळी झाल्या नाहीत तोच आण्णांची बोटं अडखळली आणि कॉम्प्युटरची डावी आपली पुढं निघून गेली. तिनं लय कमी केली. मग आण्णाच पुढं गेले आणि डावी मागं राहिली. पुन्हा लावलं. पुन्हा तेच. आण्णांच्या कपाळावर घाम आला. शेवटी त्यांनी हात मांडीवर ठेवला.

"बंद कर ते."

आपणच ह्यांना उठवलं आणि आपणच सगळ्यांदेखत हरवलं, असं पंकजाला वाटलं. काकांनी घसा खाकरला. "जाऊ द्या राधाकिसनराव. उगं जिवाला तरास. कॉम्प्युटरचाच..."

"समदं बंद कर म्हणलो न्हाई मी," आण्णा म्हणाले. "डावी तेवढी बंद कर. ती माझ्याकडं बघतच न्हाई."

तिनं डावी बंद केली. टाळ आणि पेटी तेवढी वाजत राहिली.

"मग डावी कोण वाजवंल, आण्णा?"

आण्णा मायकडं वळले. म्हणाले, "मूठभर कणीक भिजवून आण."

पखवाजाच्या डाव्या पुडीवर, म्हणजे कातड्यावर, ओली कणीक थापल्याशिवाय घुमारा निघत नाही. आण्णांचा हात गेला तेव्हापासून ती पुडी कोरडी पडली होती. मायनं वाटीत गोळा आणला. पंकजाची नजर आण्णांच्या लुळ्या हाताकडं गेली आणि तिला भडभडून आलं. आता ह्या हातानं वाजवायला बघतील, हात उठणार नाही, आणि काका बघत बसतील. हे बघण्यापेक्षा लॅपटॉप मिटून परभणीची गाडी धरावी, असं तिच्या मनात आलं.

आण्णांनी उजव्या हातानं गोळा उचलला, बोटांनी दाबून मऊ आहे का बघितला. मग ते जरा सरकले, डाव्या बाजूला एक माणूस बसेल एवढी जागा केली, आणि गोळा पंकजाच्या तळहातावर ठेवला.

"लाव," ते म्हणाले. "जो वाजवतो, कणीक त्यानंच लावायची असती."