वरच अडतं ते

आमच्या तमाले शहरात पाणी गाळायची मडकी करणाऱ्या बायका पुष्कळ आहेत. माझ्या मडक्याची बरोबरी मात्र कुणी करून दाखवावी! मातीत भाताचं तूस मळून भाजलं की तूस जळून जातं आणि डोळ्यांना न दिसणारी भोकं राहतात. त्यातून पाणी तेवढं खालच्या बादलीत झिरपतं.

खानावळवाला नेंदू दहा मडकी घ्यायला आला, तेव्हा त्याच्यादेखत मी एका मडक्यात तळ्याचं गढूळ पाणी ओतलं.

"अझारा मावशी, हे पाजून गिऱ्हाइकं मारू का?"

"गप बस. वाईट ते सगळं माझं मडकं वरच अडवतं."

दुपारी मडकं उचलून बाजूला ठेवलं. बादली अर्धी भरली होती. आमच्यात पाहुण्याआधी घरधनिणीने घोट घ्यायचा असतो, म्हणून मी वाकले. पाण्यात पत्र्याचं छप्पर दिसत होतं. शेजारी वाकलेला नेंदू दिसत होता, त्याच्या टोपीवरची नक्षीसुद्धा.

मी दिसत नव्हते.

"काय नितळ आहे हो! दहा नको, वीस द्या."

अभिमानाने माझी मान ताठ झाली. ओंजळभर प्याले. पाणी गोड होतं.

मग मडक्यात पाहिलं. वीतभर गढूळ पाणी उरलं होतं आणि त्यात माझा चेहरा होता. मी मागे सरत सरत पार भिंतीला टेकले.

नेंदू मडक्यावर वाकला आणि आतच बघत हळू आवाजात म्हणाला, "मावशी, एवढं चोख काम, मग रडताय कशाला?"